देशाच्या डोक्यावरचा खराटा

मित्रांनो, मी जुना खराटा आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

एस्टोनियातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या तळमजल्यावर, मुख्य दाराच्या अगदी समोर, मला एका काचेच्या पेटीत उभं करून ठेवलं आहे. वरून पिवळा दिवा सोडला आहे. पायाशी लाल मखमल अंथरली आहे. खराट्याच्या पायाशी मखमल, म्हणजे थट्टा करायची तरी किती! शेजारी पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘शुभशकुनाचा खराटा. अपशकुन झाडून टाकण्याच्या पूर्वजांच्या प्रथेनुसार कामगारांनी ही वास्तू पूर्ण होताना प्रेमाने वर चढवला.’

ही पाटी खोटी आहे. शाळांच्या सहली येतात, मुलं काचेला नाक लावून बघतात, बाई पाटी मोठ्याने वाचून दाखवतात आणि मुलं माना डोलावतात. मग रखवालदार येऊन नाकांचे डाग पुसतो. दर वेळी मला वाटतं की आतून काच फोडावी आणि ओरडून सांगावं. पण खराट्याला तोंड कुठे असतं? म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही लांबचे आहात, तुम्हाला आमच्या मालकाची भीती नाही.

माझा जन्म रॅपिनाकडचा, देशाच्या दक्षिण टोकाचा. तिथे वाइके नावाच्या बाईचं वडिलोपार्जित लहानसं शेतघर आहे. पानं गळून गेली की तिने भूर्जाच्या बारीक काड्या तोडल्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मूठ जमवली, तारेने करकचून आवळली, दांडा ठोकला आणि त्याला निळी चिकटपट्टी गुंडाळली. बांधताना तिने मला एक शिवीही दिली, कारण माझी एक काडी तिच्या डोळ्याजवळ लागली होती. तेव्हापासून आमचं जमलं.

आमच्या भूर्जांत दोन घराणी आहेत. उन्हाळ्यात, हिरव्या पानांसकट तोडतात ते सॉनातले. त्यांचा थाट काय सांगू! गरम वाफेत बसलेली माणसं त्यांनी पाठीवर मारून घेतात, वर त्यांचा वास किती छान म्हणतात, मग बाहेर येऊन बिअर पितात. आम्ही पानगळीनंतरचे. आमच्या वाट्याला चिखल, बर्फ आणि कोंबड्यांची घाण. आमचा वास कुणी घेत नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण मला काम होतं आणि कामाला साजेशी बाई मिळाली होती.

वाइके क्रेन चालवायची. पोरसवदा वयात चढली ती क्रेनवर, जुन्या सोव्हिएत राजवटीत, जेव्हा पोरींना क्रेनवर बसवायची पद्धतच होती. आमची निम्मी राजधानी, टॅलिन, आज ज्या करड्या चाळींत राहते, त्यांच्या भिंती तिने उचलल्या. मग झेंडा बदलला, पैसा बदलला, क्रेनी बदलल्या, बाई तीच राहिली. तिच्याबरोबरीच्या पोरी एकेक करून खाली उतरल्या, कुणी दुकानात गेल्या, कुणी नातवंडांत रमल्या. वाइके वरच. खाली आलं की गुडघे दुखतात, म्हणायची.

आता या उंचीच्या वेडाबद्दल सांगतो. आमचा देश ताटासारखा सपाट आहे. सगळ्यात उंच टेकडीचं नाव ‘मोठी अंडटेकडी’. या नावावरूनच काय ते ओळखा. देवाने उंची दिली नाही म्हणून माणसांनी ती स्वतः करायला घेतली. आधी जुन्या गावातल्या चर्चचा टोकदार कळस, ज्याच्याकडे बघून खलाशी गलबतं हाकायचे. मग परदेशी पाहुण्यांसाठी उंच हॉटेल. मग बँकेची इमारत. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रं लिहायची, देशातली सगळ्यात उंच वास्तू, आणि लोक रविवारी पोरांना घेऊन मान वर करून बघायला यायचे. कळस सोडला तर या सगळ्यांत वाइकेचा हात होता. आणि शेवटी ही इमारत आली. मालक वाल्दोने नाव ठेवलं ‘ध्रुवतारा’. टॅक्सीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं ‘धुराडं’. तुम्हीही धुराडंच म्हणा, सगळा गाव म्हणतो.

माझं काम क्रेनच्या शिडीवर होतं. शिडीला मधे मधे जाळीचे टप्पे असतात, हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचून घट्ट होतो आणि पाय घसरला की संपलं. वाइके मला काखेत मारून चढायची, टप्पा आला की झाडायची, वर पोचली की मला केबिनच्या कोपऱ्यात उभं करायची. मग थर्मास, काळा पाव, त्यावर खारी मासळी. आणि वॉकीटॉकीवर राइवो.

राइवो खाली असायचा. ओझं हुकाला अडकवायचं, दोरी धरायची, वरच्याला इशारे द्यायचे, हे त्याचं काम. वाइकेला खालचं सगळं मुंगीएवढं दिसायचं, त्यामुळे त्याचा आवाज म्हणजे तिचे डोळे. तो तिला मावशी म्हणायचा आणि दिवसभर छळायचा. मावशी, मंगळ दिसतोय का वरून? मावशी, ढगात शिंकू नकोस, इथे पाऊस पडतो. ती उलट म्हणायची की तुझं डोकं वरून रिकाम्या बादलीसारखं दिसतं. दोघं एकमेकांच्या घरी फारसे जात नव्हते. आमच्याकडे लोक तसेही उठून कुणाच्या घरी जात नाहीत. पण त्या दोघांइतका भरवसा मी नवरा-बायकोतही पाहिलेला नाही.

त्या वर्षी जानेवारीत वाल्दोने समारंभाची तारीख जाहीर करून टाकली. मंत्री येणार, परदेशी पाहुणे येणार, टीव्हीवर दाखवणार. वरच्या मजल्यांच्या काचा बसायच्या होत्या आणि समुद्रावरून वारं सुटलं होतं. साइटचा प्रमुख होता इंद्रेक. हुशार, नीटनेटका, चाळिशीचा माणूस. वाईट म्हणावा असा नव्हता. पण मालकासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि त्या दिवशी मालक खाली त्याच्या शेजारी उभा होता.

केबिनमधला वाऱ्याचा भोंगा सकाळपासून कोकलत होता. क्रेन डुलत होती, मी कोपऱ्यात इकडून तिकडे आपटत होतो. वाइकेने वॉकीटॉकी उचलला.

“इंद्रेक, भोंगा ऐकू येतोय ना? आज काच उचलायची नाही.”

“एकच फेरी वाइके. मालक उभे आहेत इथे.”

“मग मालकांना सांग, वारा त्यांच्या पगारावर नाही.”

साइटवरचे सगळे वॉकीटॉकीच्या त्याच लहरीवर असायचे. कुणीतरी खुसकन हसलं, ते मी ऐकलं. बहुतेक त्या हसण्यानेच इंद्रेक पेटला.

“उचल म्हणतोय ना मी. जबाबदारी माझी.”

तिने क्रेनच्या दांड्यावरचा हात काढून घेतला. मग राइवोचा आवाज आला, “घे मावशी उचलून, नाहीतर हा आपल्याला इथेच गोठवेल. मी दोरी धरतो.”

तिने उचलली. मित्रांनो, मला या जागी तिचाही राग येतो आणि तो मी लपवणार नाही. तिने तेव्हाच खाली उतरून घरी जायला हवं होतं. पण राइवो धरतो म्हणाला आणि तिने त्याच्या आवाजावर विसंबून दांडा ओढला. काच मधल्या मजल्यांपर्यंत नीट गेली. मग वाऱ्याने तिला गरकन फिरवलं, चौकट पट्ट्यांतून सुटली आणि खाली गेली. वॉकीटॉकीवर राइवोचा आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

संध्याकाळच्या बातम्यांत कंपनीने सांगितलं की क्रेनचालिकेने धोक्याच्या भोंग्याकडे दुर्लक्ष केलं. बस, एवढंच. हुकूम कुणी दिला, जबाबदारी कुणी घेतली, त्याचं नाव नाही. वाइकेचा परवाना काढून घेतला. चौकशी बसली. तिने सांगितलं की इंद्रेकने उचलायला लावलं, सगळ्यांनी ऐकलं आहे, विचारा. चौकशीवाल्यांनी एकेकाला विचारलं. इंद्रेक म्हणाला, असं काही बोलल्याचं आठवत नाही. बाकीचे म्हणाले, वारा फार होता, नीट ऐकू आलं नाही. लोखंडाचं काम करणारा म्हातारा हेल्दुर, जो वाइकेबरोबर हॉटेलापासून प्रत्येक इमारतीवर होता, तोसुद्धा असंच म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. राइवो एकटाच इस्पितळातून सांगत राहिला. त्याच्याबद्दल कंपनी म्हणाली, बिचारा औषधांच्या गुंगीत आहे.

आमची माणसं मुळातच कमी बोलतात. शेजाऱ्याशी हवापाण्यावर दोन वाक्यं बोलली तरी दमतात, घरी जाऊन कॉफी पितात. मला त्याचं कौतुकही होतं. पण कमी बोलणं वेगळं आणि डोळ्यांदेखत एका बाईचं नाव मातीत जात असताना तोंडात गुळणी धरून बसणं वेगळं! वाइके दुकानात गेली की गल्ल्यावरची बाई नजर चुकवायची. रॅपिनाच्या गावात लोक म्हणू लागले, पोराचा पाय घालवला ती हीच. जन्मभर तिने कुणाच्या डोक्यावर साधा खिळाही पडू दिला नव्हता.

मी मात्र केबिनमध्येच राहिलो. आपला थर्मास आणि हातमोजे घ्यायला तिला वर येऊ दिलं नाही, एका पोऱ्याने पिशवीत भरून नेऊन दिले. मला कोण नेणार? क्रेनवर नवा मुलगा आला. तो टप्पे झाडायचा नाही, बुटाने बर्फ उडवायचा. मी कोपऱ्यात उभा राहून वॉकीटॉकीवरची सगळी बोलणी ऐकत होतो आणि चरफडत होतो.

आता वाशांच्या सणाचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे घराचे वासे चढले, म्हणजे घर आपल्या पूर्ण उंचीला पोचलं, की कामगार स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं विणतात आणि सगळ्यात उंच टोकाला बांधतात. मालकाने त्या दिवशी स्वतः यायचं, बांधणाऱ्यांबरोबर एका बाकावर बसून जेवायचं, बिअरचा पेला उचलून त्यांची नावं घ्यायची. मालक नीट वागला तर कडं चढतं. आणि मालक चिक्कू निघाला, किंवा त्याने बांधणाऱ्यांशी वाकडं वागून ठेवलं असलं, तर कड्याच्या जागी जुना खराटा चढतो. काही बोलायचं नाही, भांडायचं नाही. खराटा दिसला की पंचक्रोशीला कळतं की या घराच्या मालकाने बांधणाऱ्यांचं काहीतरी चुकवलं आहे. लोक विचारू लागतात की काय केलं याने? आणि तो खराटा मालकाने खाली येऊन, टोपी काढून, चूक निस्तरेपर्यंत उतरवायचा नाही. उतरवायचा तो ज्यांनी चढवला त्यांनीच.

वाल्दोने यातलं काहीच केलं नाही. कडं एका कलावंताकडून चकचकीत पोलादाचं करून घेतलं. जेवणावळ तिसाव्या मजल्यावर, पाहुण्यांसाठी. कामगारांना फाटकाशी कागदी पेल्यातून वाटाण्याचं सूप आणि सूचना की फोटोत येऊ नका. एवढ्यावर कदाचित सगळे गप्पच बसले असते, कारण सवय झाली होती. पण समारंभाच्या आदल्या दिवशी भाषणाची तालीम झाली. वाल्दोचा आवाज कर्ण्यातून साइटभर घुमला, “एका व्यक्तीची बेपर्वाई सोडली, तर या वास्तूवर कसलाही डाग नाही.”

हेल्दुर तेव्हा माझ्या खालच्याच टप्प्यावर बोल्ट आवळत होता. त्याचा पाना थांबला. तो त्याने कमरेच्या पट्ट्यात खोचला. मग वर केबिनमध्ये आला, नव्या मुलाकडे बघितलं नाही, मला उचललं आणि माझ्या काड्यांवरची धूळ हाताने झटकली. “तू तिचा ना?” तो मला म्हणाला. “चल मग.” अपघातानंतर त्याच्या तोंडून निघालेले पहिले धड शब्द मी ऐकले ते हे. नव्या मुलाने विचारलं, काय करताय काका? हेल्दुर म्हणाला, उद्या मी सांगेन तेव्हा उचल, आणि खेड्यात आजोळी कधी गेला असशील तर तुला कळेल. मुलगा आजोळी गेलेला असावा, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँड वाजला. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. क्रेनने निळ्या कापडात झाकलेलं ओझं वर नेलं, हेल्दुरने ते टोकाच्या खांबाला पक्कं बांधलं, दोरी ओढली आणि कापड सुटलं. देशातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या सगळ्यात उंच टोकावर मी होतो! दांडा खाली, काड्या वर, वाऱ्यात फडफडत.

बँड आपोआप थांबला. देशातले जेवढे पाहुणे होते ते सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले. एका मंत्र्याच्या बायकोला हसू आवरेना, तिने खोकल्याचं निमित्त केलं. वाल्दो बिटासारखा लाल झाला. तो काही शहरात जन्मलेला नव्हता, खेड्यातला होता, त्याला न कळायला काय झालं! पण त्याच्या प्रसिद्धीचं काम बघणारी मुलगी परदेशात वाढलेली. वाशांचा सण तिने पुस्तकात वाचलेला, तोही अर्धा. तिने झटकन ध्वनिक्षेपक घेतला आणि गोड आवाजात सांगितलं की पाहुणे हो, ही आमच्या पूर्वजांची प्रथा, अपशकुन झाडायला खराटा चढवतात. परदेशी पाहुण्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. पाटीवरचं खोटं त्या क्षणी जन्मलं.

पण लोकांना कोण फसवणार? मी वर उभा होतो आणि अख्खं शहर मला बघत होतं. बंदरातून जहाजं निघायची तेव्हा खलाशी बोट करून दाखवायचे. बाजारातल्या म्हाताऱ्या भाजी तोलताना विचारायच्या की धुराड्याच्या मालकाने कुणाचं काय खाल्लं असेल? रेडिओवर विचारलं गेलं, वर्तमानपत्रात विचारलं गेलं. मग कुणाला तरी राइवोची आठवण झाली, आणि राइवोवरून वाइकेची. वाइकेच्या टॅलिनमधल्या घराच्या स्वयंपाकघरातून धुराड्याचं टोक दिसतं. तिने मला ओळखलं, दांड्यावरच्या निळ्या चिकटपट्टीवरून नव्हे, इतक्या लांबून ते कसं दिसणार, नुसत्या उभं राहण्यावरून, असं ती नंतर राइवोला म्हणाली. त्या दिवशी ती कित्येक महिन्यांनी दुकानात मान वर करून गेली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. वाल्दोने त्या दिवसांत काहीही केलं असतं तरी चाललं असतं. पावाची टोपली आणि बिअरचं पिंप घेऊन फाटकाशी आला असता, वाइके आणि राइवोला बोलावलं असतं, हुकूम आमचा होता एवढे तीन शब्द म्हणाला असता, तर हेल्दुरने मला स्वतः उतरवलं असतं आणि हिरवं कडं चढवलं असतं. पण नाही. त्याने दोरावर लटकून काम करणारे परदेशी गडी भाड्याने आणले आणि मला पहाटे चोरासारखं खाली ओढलं. जाळूनच टाकणार होता. पण तोवर त्या मुलीचं खोटं परदेशी वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, लोकांना फार आवडलं होतं. तेव्हा त्याने माझ्यासाठी पेटी करवली.

मला जाळलं असतं तर मी एवढा रागावलो नसतो. मी शिवी होतो, मित्रांनो! साइटवरच्या पोरांनी मनापासून, जीव धोक्यात घालून हासडलेली शिवी. तिला त्याने दिवा लावला, मखमल घातली आणि आशीर्वाद म्हणून मिरवली. चौकशीचं काय झालं म्हणाल, तर ती सावकाश चालू आहे असं सांगत राहिले. वाइकेचा परवाना तिकडेच पडून राहिला.

मग पहिलं दव गोठायला लागलं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी रखवालदाराने दार उघडलं तर बाहेर पायरीला एक खराटा टेकवलेला. हेल्दुरची गाठ मी ओळखतो. रखवालदाराने तो कचऱ्यात फेकला. दुसऱ्या दिवशी दुसरा. मग दोन. पुढे गाठी अनोळखी व्हायला लागल्या. टॅक्सीवाल्यांचे, बाजारवाल्यांचे, करड्या चाळींतल्या बायकांचे, काही थेट रॅपिनाकडचे, त्या मातीचा वास मला काचेतूनही कळत होता. कुणी घोषणा दिली नाही, कुणी फलक धरला नाही. यायचे, टेकवायचे, हातमोजे घालून निघून जायचे. ज्या लोकांच्या गुळणीवर मी एवढा संतापलो होतो, त्यांनी अशी उशिरा का होईना तोंडं उघडली होती. रखवालदार वैतागला. वाल्दो मागच्या दाराने येऊ लागला. पाटी वाचणाऱ्या बाईंना मुलं विचारायची, बाहेर एवढे शुभशकुन कशाला? बाई पुढे चला म्हणायच्या.

डिसेंबरात, भर दुपारी, बर्फ पडत होता तेव्हा पायऱ्यांशी एक टॅक्सी थांबली. वाइके उतरली आणि तिच्या खांद्याला धरून राइवो. त्याला नवा कृत्रिम पाय बसला होता. जी इमारत बांधताना पाय गेला ती त्याने पुरी झालेली पाहिलीच नव्हती. वरच्या मजल्यावरून समुद्र बघायचा आणि समोरच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या, असा त्याने हट्ट धरला होता. पायऱ्यांवर घोटाभर बर्फ होता.

तिथे इंद्रेक उभा होता. हातात खराटा. लोक टेकवून जातात तसा तो गेला नाही, टेकवून तिथेच उभा राहिला, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल असा. या दोघांना पाहिल्यावर त्याचा चेहरा बर्फासारखा झाला. ढिगातले खराटे बघायला रखवालदाराने दार उघडं धरलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“काल चौकशीवाल्यांकडे जाऊन आलो,” इंद्रेक म्हणाला. “हुकूम माझा होता ते सांगितलं. जबाबदारी माझी म्हणालो होतो, तेही सांगितलं. सही केली.”

राइवोने नव्या पायावरचा बर्फ झटकला. मग राइवो म्हणाला, “जवळजवळ वर्ष लागलं तुला. माझा पाय तुझ्याआधी आला.”

इंद्रेकने मान खाली घातली. वाइके त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खराट्याकडे बघत होती. त्याने तो स्वतः बांधला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. काड्या वेड्यावाकड्या, वायरीचे सैल वेढे, दांडा हलत होता.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“खराटा.”

“याला खराटा म्हणतात?”

ती तशीच बर्फात पायरीवर बसली. वायर सोडली, काड्या मांडीवर ओतल्या, बुडखे एका रेषेत आणले, गुडघ्याखाली दाबून वायर आवळली आणि दांडा पायरीवर आपटून आत बसवला. पेटीत माझ्या काड्या ताठ झाल्या. मलाही तिने असंच बांधलं होतं, असंच दाबून. मग तिने तो इंद्रेकच्या हातात दिला.

“पायऱ्या झाड. राइवोला वर यायचंय.”

तो झाडू लागला. लांब कोट, गळ्यात टाय, चकचकीत बूट, आणि वाकून एकेक पायरी. रस्त्यावर माणसं थांबली. कुणी हसलं नाही. वरून दुसरा रखवालदार धावत आला, अहो साहेब आमची माणसं आहेत ना, म्हणाला. इंद्रेकने त्याला हाताने बाजूला केलं. झाडता त्याला येत नव्हतं. मधला बर्फ ढकलायचा आणि भिंतीकडचा तसाच ठेवायचा, पाय घसरतो तो नेमका तिथेच. मी पेटीत नुसता तडफडत होतो.

“कोपरे राहिले,” वाइके म्हणाली.

तो मागे फिरला आणि त्याने कोपरे काढले.

मग राइवो चढला. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. वाइके त्याच्या मागे, हात न लावता. आत आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. तिने पाटी वाचली, सगळी, शेवटपर्यंत. रखवालदाराला म्हणाली, “हा माझा आहे. द्या काढून.” तो चाचरत म्हणाला की बाई, ही आता इमारतीची मालमत्ता आहे, मालकांची परवानगी लागेल. तिने काचेवर बोटाने टकटक केली, जशी ती वर केबिनमध्ये माझ्या दांड्यावर करायची.

“मालकाला सांगा,” ती म्हणाली, “आम्ही याला अजून उतरवलेला नाही.”

आणि ती राइवोला घेऊन लिफ्टकडे गेली.

वाइकेला तिचा परवाना परत मिळाला. वाल्दो अजून मागच्या दाराने येतो, पाटी अजून तीच आहे, आणि म्हणून मी अजून रागावलेलो आहे. तेव्हा मित्रांनो, कधी धुराड्याखाली आलात, तर माझ्याकडे कौतुकाने बघू नका, पाटी तर मुळीच वाचू नका. तुमच्या घरात कोपऱ्यात एखादा खराटा असेल तर त्याला वापरा, झिजू द्या, पण त्याच्या नावावर खोटं बोलू नका. आणि इथे वाल्दो कुठे भेटला तर त्याला एवढंच विचारा, की अहो, बांधणाऱ्यांच्या बाकावर जेवायला कधी येताय?